प्राधिकरणात प्रवाशाची जागा



25 जानेवारी 2025 पासून एसटीचे तिकीट 14.95 टक्क्यांनी महागले. आदल्या दिवशी यवतमाळहून पुसदला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने, तशाच गाडीने परत आला आणि जास्त पैसे मोजून आला. कंडक्टरशी दोन शब्द झाले असतील, सुट्या पैशांवरून कुरबुर झाली असेल, आणि विषय तिथेच संपला. हा 14.95 चा आकडा आला कुठून, तो मंजूर केला कोणी आणि मंजूर करताना आपल्याला कोणी विचारले का, हे प्रश्न त्या गाडीत कोणी काढले नसावेत. आज मला तेच काढायचे आहेत.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी गावची बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून वर्षानुवर्षे अर्ज केले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ते अर्ज करत होते तेव्हा अर्ज कुठे करायचा हेच स्पष्ट नव्हते. आजही फारसे स्पष्ट नाही. म्हणून आधी कोण काय ठरवतो ते नीट समजून घेऊ.

एसटीचे भाडे किलोमीटरवर नाही, टप्प्यावर चालते. एक टप्पा 6 किलोमीटरचा. सात किलोमीटरवरच्या शाळेत जाणारा मुलगा दोन टप्प्यांचे, म्हणजे बारा किलोमीटरचे भाडे देतो. दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला या चार-पाच किलोमीटरांचे काही वाटत नाही, पण रोज सात किलोमीटर जाणाऱ्याला तोच फरक महिन्याच्या खर्चात जाणवतो. लांबच्या प्रवासाच्या सोयीने आखलेली ही पद्धत जवळच्या प्रवाशाला महाग पडते, आणि जवळचा प्रवासी म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा शाळकरी पोर, बाजाराला जाणारी बाई नाहीतर दवाखान्यात निघालेला म्हातारा. सवलती आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. विद्यार्थ्यांच्या पासाला 66.67 टक्के सूट आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला, 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. अर्ध्या तिकिटाने काय झाले हे पाहायला कुठला अहवाल लागत नाही, कुठल्याही बसस्थानकावर सकाळी नऊला जाऊन उभे राहावे. पूर्वी बाईला माहेरी, बाजाराला, दवाखान्यात जायचे म्हटले की घरात पैशांचा विचार आधी व्हायचा. ती बाई आता स्वतःच्या बळावर गाडीत चढते आहे.

पण सवलत ही भाड्यावरची सूट आहे. मूळ भाडे किती, हा प्रश्न तिच्या आधीचा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 67 ने राज्य सरकारला भाड्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार दिला आहे. कमाल भाडेही ठरवता येते आणि किमानही. प्रत्यक्ष मंजुरी देते राज्य परिवहन प्राधिकरण. रिक्षा-टॅक्सीचे स्थानिक दर आणि परवाने यांचे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे असते. एसटी महामंडळ प्रस्ताव पाठवते आणि त्याला आधार असतो एका सूत्राचा. हकीम समितीच्या शिफारशीतून आलेल्या या सूत्रात डिझेल, गाडीची चासी, टायर आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यांतली वाढ धरतात. तिकिटात याखेरीज प्रवासी करही असतो. 1958 च्या प्रवासी कर कायद्यानुसार एसटीच्या उत्पन्नावर तो 17.5 टक्के दराने लागतो. वर अपघात सहायता निधीचा एक रुपया. म्हणजे सरकार एका हाताने सवलतीचे पैसे महामंडळाला देते आणि दुसऱ्या हाताने त्याच तिकिटातून कर घेते. ज्या सेवेला आपण लोककल्याण म्हणतो तिच्यावर इतका कर ठेवणे मला मान्य नाही, आणि यावर विधिमंडळात एकदा मोकळी चर्चा व्हायला हवी.

सूत्र वाईट नाही. डिझेल महागले तर कोणाला तरी ते द्यावेच लागणार, आणि वाहक-चालकाचा पगार वेळेवर व्हायला हवा. 2021 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला संप एप्रिल 2022 पर्यंत चालला, त्यामागे पगाराचीच व्यथा होती. माझी तक्रार वेगळी आहे. या सूत्रात टायर मोजला जातो, गाडी आली की नाही हे मोजले जात नाही. किती फेऱ्या रद्द झाल्या, किती गाड्या मधेच बंद पडल्या, खिडकीला काच होती का, पावसात टपावरून पाणी गळत होते का, यातले काहीही भाडेवाढीच्या हिशेबात येत नाही. शिवाय सूत्र स्वयंचलित म्हटले तरी वाढ येते ती झटक्याने: जून 2018 मध्ये 18 टक्के, ऑक्टोबर 2021 मध्ये 17.17, जानेवारी 2025 मध्ये 14.95. मधली वर्षे कोरडी. दरवर्षी थोडी वाढ झाली असती तर घरचा हिशेब बसवता आला असता. तीन-तीन वर्षांनी एकदम येणारी वाढ मजुराच्या अंगावर येते, आणि ती कधी आणायची हे डिझेलपेक्षा राजकारण पाहून ठरत असावे असा संशय लोकांना येतो. तो संशय घालवणे सरकारच्याच हिताचे आहे.

आता याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवतो. महावितरणला विजेचा दर वाढवायचा असेल तर राज्य वीज नियामक आयोगाकडे जावे लागते. विद्युत कायदा 2003 च्या कलम 64 प्रमाणे प्रस्ताव जाहीर करावा लागतो, लोकांच्या सूचना-हरकती ऐकाव्या लागतात. अमरावतीला, नागपूरला अशा जाहीर सुनावण्या झाल्या आहेत. शेतकरी, पिठाच्या गिरणीवाला, कारखानदार, ग्राहक संघटना उभ्या राहून आयोगासमोर बोलतात. दर नेहमी कमी होतोच असे नाही, पण आयोगाला आदेशात हरकतींचा विचार करावा लागतो. मेट्रोचे पाहा. मेट्रो रेल्वेच्या 2002 च्या कायद्यात भाडे निश्चिती समितीची तरतूद आहे, आणि तिचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असावा लागतो. नागपूरचा माणूस ज्या मेट्रोत बसतो तिच्या भाड्यासाठी कायद्याने न्यायाधीशाची समिती सुचवली आहे, आणि झरी जामणीचा कोलाम आदिवासी ज्या एकमेव गाडीवर अवलंबून आहे तिचे भाडे त्याला न विचारता ठरते. हा भेद मला सलतो. विजेला सुनावणी, मेट्रोला न्यायाधीश, एसटीला मात्र मुंबईतली एक बैठक.

कायद्यातच याचा तोडगा आहे, म्हणून मी आज बोलायला उभा राहिलो. कलम 68 वाचा. राज्य आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणांत अध्यक्षाखेरीज शासकीय आणि अशासकीय असे दोन्ही सदस्य घेता येतात. राज्याच्या प्राधिकरणात चारपर्यंत, प्रादेशिकमध्ये दोनपर्यंत. वाहतुकीच्या धंद्यात ज्याचे पैसे गुंतले आहेत अशाला सदस्य होता येत नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे धंदेवाल्याला बाहेर ठेवायची दक्षता कायद्याने घेतली आणि सामान्य नागरिकासाठी दार उघडे ठेवले. त्या दारातून रोज एसटीने जाणारी एखादी शिक्षिका, एखादा शेतकरी, एखादी आशा कार्यकर्ती आत का जाऊ नये? यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, फक्त नेमणुकीची इच्छा लागते.

मार्गांचा प्रश्न भाड्याहून बिकट आहे, कारण भाडे निदान छापून येते. गावची फेरी बंद झाल्याचे छापून येत नाही. एक दिवस गाडी येत नाही, दुसऱ्या दिवशी येत नाही, आठ दिवसांनी फाट्यावरची माणसे समजून घेतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि एसटीची आगारे नऊ: यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, नेर, वणी, पांढरकवडा, राळेगाव. आर्णी, महागाव, घाटंजी, बाभूळगाव, कळंब, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांचा गाड्यांचा हिशेब दुसऱ्या गावच्या आगारात बसून होतो. गाड्या कमी पडल्या की आधी कात्री लागते ती शेवटच्या गावाच्या फेरीला आणि मुक्कामी गाडीला. आगार व्यवस्थापकाला दोष देऊन भागत नाही. त्याच्या टेबलावर भारमान, म्हणजे किती जागा भरल्या ते, आणि प्रति किलोमीटर उत्पन्न हे दोन आकडे असतात आणि त्याला वर उत्तर त्यांचेच द्यावे लागते. मुक्कामी गाडी रात्री अर्धी रिकामी जाते, सकाळी मात्र तिच्यातून दहावीची पोरे, दूधवाले आणि तालुक्याच्या कोर्टात तारीख असलेली माणसे येतात. तिची किंमत भारमानात मावत नाही. मग वर कळवले जाते की फेरी तोट्याची आहे. आणि कधी कारण असते रस्त्याचे. पावसाळ्यात रस्ता खचला की गाडी बंद, रस्ता दुरुस्त झाला तरी गाडी बंदच, कारण रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचा बांधकाम खात्याचा कागद आगारापर्यंत पोचलेला नसतो. गावकऱ्याला तोवर कळलेले नसते की आपली गाडी डिझेलमुळे नाही, एका कागदापायी अडली आहे.

मार्गांवरचे हे सरकारी नियंत्रण जुने आहे. आपल्या देशात बसचे मार्ग परवान्याने बांधण्याची सुरुवात 1939 च्या मोटार वाहन कायद्याने झाली. त्याच्या आधी, 1932-33 मध्ये, मिचेल आणि किर्कनेस यांनी रेल्वे आणि रस्त्यांच्या स्पर्धेचा अहवाल सरकारला दिला होता. मोटारी रेल्वेचे उतारू पळवतात, ही तेव्हाची मोठी चिंता. आजच्या कलम 67 मध्येही रेल्वे आणि रस्ता यांचा मेळ घालण्याचे उद्दिष्ट टिकून आहे. यवतमाळला मेळ घालायचा कशाशी? मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटरची आपली शकुंतला रेल्वे आता धावत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा नवा मार्ग. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा 28 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. पुढची गाडी कधी येईल तेव्हा येईल. तोवर या जिल्ह्यातल्या गरिबाची रेल्वे म्हणजे एसटीच, आणि रेल्वे जेमतेम पोचलेल्या जिल्ह्याला एसटीच्या फेऱ्या ठरवताना वेगळे माप लागले पाहिजे. पुणे-नाशिकच्या गाडीचे आणि घाटंजीच्या आडगावच्या गाडीचे भारमान एकाच तराजूत घालणे अन्याय आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या मुलींच्या गाड्यांनी हे वेगळे माप एका मर्यादेत मान्य केलेच आहे. त्या गाड्या नफ्यासाठी नाहीत, मुली शिकाव्यात म्हणून आहेत. तोच न्याय दवाखान्याच्या फेरीला का नाही? यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्हाभरातल्या गरिबांचे शेवटचे आसरास्थान आहे. तिथली ओपीडी सकाळी असते, आणि सकाळी तिथे पोचवणारी गाडी गावात नसेल तर मोफत उपचाराला अर्थ उरत नाही.

गाडी नसली की माणूस काळी-पिवळी जीपकडे जातो. एसटीवाले तिला शत्रू मानतात, पोलीस तिला दंड करतात, आपण तिच्यात दाटीने बसतो. तिच्या चालकाला चोर म्हणायला मी तयार नाही. एसटीने सोडलेली जागा त्याने भरली. पण तिथे नियम हातून सुटतो. नऊच्या जागी पंधरा बसतात, भाडे पावसाप्रमाणे आणि यात्रेप्रमाणे बदलते, अर्धे तिकीट, पास, पंचाहत्तरीची सवलत काहीच लागू होत नाही. म्हणूनच एसटी बंद पडलेल्या गावची बाई दोनदा नाडली जाते: गाडी गेली आणि गाडीबरोबर हक्काची सवलतही गेली. पुण्या-मुंबईच्या खासगी ट्रॅव्हल्सना तर एक मर्यादा आखलेली आहे. उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने ठरवले की त्याच दर्जाच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडे खासगी बसने घेऊ नये. दिवाळीत पुण्याहून यवतमाळला येणाऱ्या आपल्या पोरांना हा निर्णय माहीत असेल तर तिकिटाचा फोटो काढून परिवहन कार्यालयात तक्रार करता येते. माहीत नसेल तर निर्णय कागदावर राहतो.

टोलचे गणित मात्र बरेच उघडे आहे, आणि याबाबतीत एसटीने त्याच्याकडून शिकावे असे मला वाटते. नागपूर-हैदराबाद रस्ता, आजचा राष्ट्रीय महामार्ग 44, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा आपल्या जिल्ह्यातून जातो. केळापूरला नाका आहे. तिथला दर केळापुरात ठरत नाही आणि मुंबईतही नाही. तो ठरतो राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम 2008 प्रमाणे. 2007-08 चा मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे 65 पैसे आणि बस-ट्रकला 2 रुपये 20 पैसे. त्यावर दरवर्षी 3 टक्के ठरलेली वाढ, आणि घाऊक किंमत निर्देशांकात जितकी वाढ झाली तिच्या 40 टक्के आणखी. नवा दर 1 एप्रिलला लागतो. 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे तो 3 जूनला लागला, पण लागला. सूत्र कोणालाही वहीत मांडून पाहता येते. नाक्याच्या 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीचा मासिक पास मिळतो. 2025-26 साठी तो 350 रुपयांचा होता. चोवीस तासांत परत येणाऱ्याला दुप्पट नव्हे, दीडपट भरावे लागते. दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना शुल्क नाही. जिल्ह्यात नोंदलेल्या मालवाहू गाडीला सवलत आहे. पांढरकवड्याच्या किती जणांनी तो पास काढला आहे, हे आपणच एकमेकांना विचारावे.

पण या नियमांत एक गोष्ट मला खटकते. शुल्कमाफीच्या यादीत रुग्णवाहिका आहे, अग्निशमन गाडी आहे, शववाहिका आहे, लष्कराच्या गाड्या आहेत. लोकवाहिनी एसटी नाही. तिला मोटारीच्या तिपटीहून अधिक, ट्रकच्या बरोबरीचा दर पडतो. राज्य सरकारने 31 मे 2015 च्या मध्यरात्रीपासून आपल्या अखत्यारीतले 12 नाके बंद केले आणि आणखी 53 नाक्यांवर मोटारींसह एसटीला टोल माफ केला. राज्याला जे सुचले ते केंद्राला सुचू नये असे काही नाही. एका गाडीत चाळीस माणसे घेऊन जाणारी एसटी रस्ता वाचवते, डिझेल वाचवते, अपघात टाळते. केळापूरला ती जो टोल भरते तो महामंडळाच्या खर्चात जातो, म्हणजे शेवटी तोट्यात. महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. या तोट्याच्या नावाने कात्री लागते ती झरीच्या आणि घाटंजीच्या फेऱ्यांवर. महामार्गावरचा टोल आणि आडगावची बंद गाडी यांचा संबंध असा जुळतो. आपल्या जिल्ह्याचे खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, राष्ट्रीय महामार्गावर राज्य परिवहनाच्या साध्या गाड्यांना टोलमाफी हा विषय त्यांनी लोकसभेत मांडला पाहिजे.

प्रवाशाने या सगळ्यात करायचे काय? मोर्चा, रास्ता रोको हे आपल्याला येते. कागद आपल्याला कमी येतो. प्रत्येक आगारात रद्द किलोमीटरची नोंद असते. कोणती फेरी कोणत्या तारखेला सुटली नाही, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. एका गावाने आपल्या फेरीचा सहा महिन्यांचा हिशेब मागितला, तर "तुमच्या गावाला गाडी आहेच" हे तोंडी उत्तर टिकत नाही. परिवहन सेवेची योजना शासन प्रसिद्ध करते तेव्हा कलम 100 प्रमाणे कोणालाही तीस दिवसांत हरकत नोंदवता येते. त्या तीस दिवसांत आपल्या जिल्ह्यातून किती हरकती जातात? जाहिरात वाचायला मिळणारे वाचनालय गावात असले, तरी वाचून अर्ज लिहिणारा लागतो. गुरुजींनी हेच केले आणि आपल्याला हेच करायला शिकवले.

माझी मागणी तीनच गोष्टींची आहे. प्रादेशिक आणि राज्य परिवहन प्राधिकरणांत रोज एसटीने प्रवास करणारा अशासकीय सदस्य नेमा. एसटीच्या भाडेवाढीआधी, विजेसाठी होते तशी जाहीर सुनावणी घ्या आणि तिची एक बैठक विदर्भात होऊ द्या. आणि कोणत्याही गावची फेरी बंद करण्याआधी ग्रामपंचायतीला कारणासह महिनाभराची लेखी सूचना द्या. पहिल्या मागणीला कायदा आजच जागा देतो, बाकी दोन्हींना फक्त शासन निर्णय लागेल.

येत्या ग्रामसभेत आपापल्या गावी या मागण्यांचा ठराव मांडा. ठरावाखाली गावात येणाऱ्या आणि बंद झालेल्या फेऱ्यांची वेळापत्रकासह यादी जोडा. एक प्रत आगार व्यवस्थापकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक परिवहन आयुक्तांना पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.